पळीमागची चिठ्ठी



गॅसची ज्योत बारीक केलेली आहे. माझ्या तळाशी खोबरेल तेल आहे, जेमतेम पाच-सहा थेंब, आणि त्यात ठेचलेल्या लसणीची एक पाकळी. पाकळीचा वास सुटू लागला आहे. माझा दांडा मथुराच्या मुठीत आहे. ती मला आचेवर हळूहळू फिरवते, आणि तेल वाटीच्या कडेने सरकते. खाली लादीवर शेजारची दिशा मांडी घालून बसली आहे. तिच्या मांडीवर तिची चार वर्षांची सानवी कुशीवर निजली आहे, डावा कान वर करून. कानाच्या पाळीखाली पिवळा ओघळ सुकून चिकटला आहे. आणि मागच्या दारात मथुराचा मुलगा दर्शन उभा आहे, एकवीस वर्षांचा, हातात जाळे शिवायची सुई घेऊन. तो आत येत नाही आणि बाहेरही जात नाही.

हे तेल सानवीच्या कानात पडणार की नाही, एवढाच प्रश्न या स्वयंपाकघरात आहे. तो सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच तो उच्चारत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पळी आहे. माझी वाटी लहान आहे. अंगठ्याचे पेर बुडेल, तेवढीच. दांडा मात्र वीतभर लांब, टोकाला वळवून आकडी केलेला. मी फार बोलकी नाही. चोवीस वर्षे एका खिळ्यावर टांगून राहिलेल्या वस्तूला बोलण्याची सवय कुठून असणार? पण तेल कोमट व्हायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात मी माझे आयुष्य सांगून टाकीन म्हणते. ते काही मोठे नाही.

मला वाळूच्या साच्यात ओतले गेले. कोणी ओतले ते मला आठवत नाही. आठवते ती ओतण्यापूर्वीची आग आणि नंतरची दीर्घ, ओलसर थंडी. संगमेश्वरच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर मी उभी होते. मथुराच्या आईने मला उचलले, नखाने टिचकी मारून माझा आवाज ऐकला आणि म्हणाली, "ही चांगली वाजते. हीच द्या." मग दुकानदाराने छिन्नी घेतली आणि माझ्या दांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी एक नाव कोरले: मथुरा. कोरताना दुखले. पण त्या दुखण्यानंतर मी कुणाची तरी झाले. लग्नाच्या भांड्यांबरोबर नदीकाठचे गाव सोडून मी समुद्राकाठी, भाट्ये गावात आले.

इथे सगळेच खारट होते. वारा खारट, भिंती खारट, वाळत घातलेले कपडेही. मथुराचा नवरा भागोजी हा तांडेल, म्हणजे मासेमारीच्या नौकेचा मुख्य. त्याचे निम्मे आयुष्य दर्यावर जाई आणि उरलेले निम्मे दर्याबद्दल बोलण्यात. घराच्या मागे चार माड, माडांपलीकडे वाळू, आणि वाळूच्या पलीकडे तो न थकणारा आवाज. मला वाटे, या घरातल्या माणसांना शांतता म्हणजे काय ते कधी कळणारच नाही.

माझे काम तेलाचे होते. देवापाशीच्या समईत तेल घालायचे, तान्ह्या बाळाची टाळू भरायची, कुणाच्या गुडघ्यावर चोळायला तेल तापवायचे. आणि कानात तेल घालायचे. खाडीत डुंबणारी पोरे, थंडीत सर्दीने गळणारी पोरे, सगळी कान धरून रडत यायची ती मथुराकडे. ती मला आचेवर धरी, लसणीची पाकळी टाकी, मग मनगटाच्या आतल्या बाजूवर एक थेंब सोडून चटका बसतो का ते पाही. "झोप रे बाबा कुशीवर. डोळे मिट. दहापर्यंत मोज." पोर मोजायला लागे, आणि सहा-सातपर्यंत येता येता रडणे थांबे. ऊब लागली की ठणका थोडा निवतो. त्याचेच सगळे श्रेय आम्हा दोघींना मिळे. "मथुराच्या हाताला गुण हाय," असे बायका म्हणत. "आणि त्या पळीला पण," असेही म्हणत. नवरात्रापूर्वी मथुरा मला आमसुलाने घाशी आणि मी सोन्यासारखी होऊन खिळ्यावर झुले. मित्रांनो, स्तुती ही तेलासारखी असते. ती आत मुरते, आणि आत काय आहे ते मग दिसेनासे होते.

दर्शन चार वर्षांचा असताना त्याला सर्दी झाली, ताप आला, आणि उजवा कान दुखू लागला. तीन दिवस तो कळवळत होता. चौथ्या सकाळी उशीवर पिवळा डाग होता आणि दर्शन हसत होता. ठणका एकाएकी थांबला होता.

"फुटलं ना? सुटला बघ माझा बाबू," मथुरा म्हणाली, आणि उरलीसुरली घाण निघावी म्हणून तिने मला आचेवर धरले.

त्या सकाळची गोष्ट मी कधी विसरले नाही. इतर मुलांच्या कानात तेल पडले की ते काठाशी थांबून राही. जणू आत कुणी दार लावून घेतले आहे. दर्शनच्या कानात ते थांबले नाही. ते खाली, आणखी खाली उतरत गेले. त्याने आकडे मोजणे सोडले, तोंड वाकडे केले आणि ओरडला, "आये, तेल घशात आलं!"

सगळे हसले. भागोजी तर पोट धरून हसला. "कानात घातलेलं घशात? मग उद्यापासून याला जेवण पण कानातूनच घाल गो."

मी एकटी हसले नाही. मला हसता येत नाही. आतले दार फुटलेले होते. कानाचा पडदा, डॉक्टर ज्याला म्हणतात तो. त्या भोकातून मी तेल ओतले होते, आणि पुढची कित्येक वर्षे ओतत राहणार होते.

तो कान पुढे कधी वाहायचा, कधी सुकायचा. पावसाळ्यात वाहायचा, दिवाळीला सुकायचा, शिमग्यापर्यंत सगळे विसरायचे. वाहू लागला की शेजारणी म्हणत, "वाहू दे गो. घाण बाहेर पडते ती बरी." सुकला की म्हणत, "बघ, बरा झाला." म्हणजे वाहणे चांगले आणि सुकणेही चांगले. वाईट असे काही उरलेच नव्हते, मग काळजी कशाची करायची? मथुरा कापसाचा बोळा करी, तेलात बुडवी आणि त्याच्या कानात घाली. पुढे पुढे त्या बोळ्याला वास येऊ लागला. सुकी मासळी ओली झाली की येतो तसा, पण त्याहून गोड, त्याहून आतला. शाळेतली पोरे त्याला 'सुकट' म्हणू लागली.

"आये, मला सुकट का बोलतात?"

"बोलू दे मेल्यांना. त्यांच्या घरात काय गुलाबाची शेती हाय?"

तो हसला. पण बाईंनी मागून हाक मारली तर तो वळत नसे, आणि बाई त्याला उर्मट समजत. घरी तो नेहमी मथुराच्या उजव्या हाताला बसे, म्हणजे त्याचा डावा कान तिच्याकडे राही. हे त्याने कधी सांगितले नाही. तिनेही कधी विचारले नाही. पण स्वयंपाकघरातली मंडळी हळूहळू त्याच्याशी डाव्या बाजूने बोलू लागली, जसे पाणी उताराकडे वाहू लागते, कुणाला न विचारता.

तो चौथीत असताना शाळेत आरोग्य तपासणी झाली. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी त्याच्या कानात दिवा धरून पाहिले आणि एक चिठ्ठी लिहून दिली. मथुराने ती ओट्यापाशी उभी राहून वाचली. एकदा वाचली, मग हात पदराला पुसून पुन्हा वाचली. चिठ्ठीत लिहिले होते: 'उजव्या कानाच्या पडद्याला छिद्र आहे. ऐकू कमी येते. कानात तेल घालू नये. कानाच्या डॉक्टरांना लवकर दाखवावे.'

नारळी पौर्णिमा नुकतीच झालेली होती. नौका बाहेर पडल्या होत्या, भागोजी दर्यावर होता. कानाचा डॉक्टर शहरात, खाडीच्या पुलापलीकडे. लांब मुळीच नव्हता. पण घरातला पुरुष दर्यावर असताना मोठे काही काढायचे नाही, तो आला की बघू, ही आमच्याकडची रीत. मथुराने चिठ्ठी विसरू नये म्हणून नजरेसमोर ठेवली. माझ्या खिळ्यावर तिने ती टोचली. आणि मग, भांडी लावता लावता, रोजच्या सवयीने मला त्याच खिळ्यावर टांगले.

चिठ्ठी माझ्यामागे गेली.

आठ दिवसांनी कान आपोआप सुकला. भागोजी आला, ताजी सुरमई आली, घरात हसू आले, आणि चिठ्ठीचे नाव कुणी काढले नाही. नंतर ती होती हेही हळूहळू पुसट झाले. माझ्या पाठीचे तेल त्या कागदात झिरपत राहिले. कागद पिवळा झाला, मग आरपार दिसण्याइतका पारदर्शक. अक्षरे मात्र तशीच राहिली. माझ्या पाठीला ती अक्षरे लागत होती, मित्रांनो. अकरा वर्षे. आणि त्या अकरा वर्षांत मला खिळ्यावरून काढून त्याच कानावर वाकवले जात होते.

मथुराने मला काढताना तो कागद कधी पाहिलाच नसेल का?  मला काढताना तिची नजर नेहमी तेलाच्या बाटलीकडे असे, एवढे मी सांगू शकते.

दर्शन वीस वर्षांचा होत आला तेव्हा बापाबरोबर नौकेवर जाऊ लागला. लहानपणापासून त्याला दुसरे काही नकोच होते. वारा कुठून येतो ते तो डोळे मिटून सांगे, पाण्याच्या रंगावरून मासळी ओळखे. पहिल्या फेरीहून परतला तो भिंतीला धरून घरात आला. त्याला गरगरत होते. कानात नुसते बोट घातले तरी घर फिरू लागे. भागोजीबरोबर बाळा नावाचा जुना खलाशी आला होता, आणि त्याच्या तोंडाला कुलूप नव्हते.

"काय तांडेल! तुमच्या पोराला दर्या लागला? आता माशाला पडसं व्हायचं तेवढं बाकी राहिलं!"

सगळी पडवी हसली. भागोजी हसला नाही. दर्या लागणे, म्हणजे लाटांनी मळमळून चक्कर येणे, ही पर्यटकांची गोष्ट. ती तांडेलाच्या घरात शिरावी, याची त्याला लाज वाटली.

"तीन-चार फेऱ्या होऊ देत. सरळ होईल," तो म्हणाला.

"बाबा, जमिनीवर पण फिरतंय," दर्शन म्हणाला.

"जमीन फिरते ती दर्या अंगात असतो म्हणून. जाईल ते."

त्या दुपारी मथुराने मला पुन्हा काढले. दर्शन निमूट कुशीवर झोपला. तेलाचा पहिला थेंब आत गेला आणि त्याने माझा दांडा गच्च धरला. अख्खे घर त्याच्याभोवती फिरत असावे. "आये, नको. नको." त्याने मोजले नाही. ते वय आता गेले होते.

दुसऱ्या फेरीत त्याने दोन दिवस काही खाल्ले नाही. तिसऱ्या फेरीला तो जायला तयार नव्हता. भागोजीने त्याला दंडाला धरून नेले. जाळे ओढताना त्याचा तोल गेला आणि तो काठावरून बाहेर झुकला. बाळाने सदरा पकडला म्हणून तो वाचला. थट्टा करणाऱ्याच्याच हाताने.

परतल्यावर दुसऱ्या सकाळी चहा पिताना त्याच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून चहा गळाला. त्याने पुसला. पुन्हा गळाला. मथुरा त्याच्यासमोर बसली होती. तिने पाहिले की त्याचा उजवा डोळा मिटत नाही, आणि तो हसायला गेला तर अर्धाच चेहरा हसला.

"वारं लागलं गो माझ्या बाबूला," ती म्हणाली आणि जायफळ उगाळायला बसली.

या वेळी भागोजीने ऐकले नाही. त्याने रिक्षा आणली.

पुढचे मी पाहिलेले नाही. भांड्यांना इस्पितळात कोण नेतो? जे कळले ते पंधरा दिवसांनी, भागोजी याच लादीवर बसून शेजाऱ्यांना सांगत होता तेव्हा. तो इस्पितळातल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंचे शब्द जपून, एकेक उचलून ठेवावा तसे बोलत होता. पडद्याच्या भोकातून कातडी आत वळत गेली होती. आत तिची गाठ झाली होती, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी. ती गाठ कुजत होती आणि हाड खात होती. ऐकण्याची बारीक हाडे तिने खाल्ली. तोल सांभाळणाऱ्या नळीला भोक पाडले. गरगरत होते ते त्यामुळे. चेहऱ्याच्या शिरेवर दाब आणला. आणि मेंदूच्या खाली जे हाड असते, ते कागदाएवढे पातळ उरले होते.

"बाई बोलल्या, अजून दोन-चार महिने गेले असते तर पू मेंदूत गेला असता." मग भागोजी बाळाकडे न बघता म्हणाला, "पोराला दर्या लागला नव्हता, बाळा. मीच त्याला ओढून नेला."

बाळा काही बोलला नाही. असे ते पहिल्यांदाच घडले.

मथुराने तेव्हा विचारले, "आणि तेल? तेलाबद्दल काय बोलल्या?"

भागोजीने जमिनीवर बोट फिरवले. "बोलल्या, रोग तेलानं होत नाय. पण फुटलेल्या कानात तेल घालू नये, त्यानं आतलं आणखी चिघळतं. आणि तेल घालताय म्हणून वाटतं काहीतरी करतोय. त्यात वर्षं जातात."

ऑपरेशनने दर्शन वाचला. चेहरा महिन्यांमागून महिने सरळ होत आला. हसताना उजवी कड अजून किंचित मागे राहते. उजव्या कानाचे ऐकणे मात्र कायमचे गेले. त्या कानात आता पाणी जाऊ द्यायचे नाही, पोहायचे नाही, आणि डोलत्या फळीवर उभे राहायचे नाही. म्हणजे दर्या संपला. आता तो माडाखाली बसून दुसऱ्यांची फाटलेली जाळी शिवतो. नौका बाहेर पडतात तेव्हा मान वर करत नाही.

घरी आल्यावर एका सकाळी तो सुईला तेल लावायचे म्हणून माझ्याकडे आला. त्याने मला खिळ्यावरून उचलले. मागे चिठ्ठी होती.

तो वाचत असताना मी त्याच्या दुसऱ्या हातात होते.  त्याने तारीख पाहिली, बोटांवर वर्षे मोजली. दहापर्यंत, आणि पुढे एक. मग त्याने चिठ्ठी होती तशी खिळ्यावर टोचली आणि मला तिच्यावर टांगले, अगदी पूर्वीसारखे. वळला तर मागच्या दारात मथुरा उभी होती, हातात ओल्या कपड्यांची बादली. तिने सगळे पाहिले होते.

ती बादली घेऊन कपडे वाळत घालायला गेली. त्याला आता वर्ष झाले. "जेवतोस?" "हो." "दोरा संपला काय?" "नाय." एवढेच बोलणे. लाटांचा आवाज आहे तसाच आहे. पण या घरात कुठेतरी एक पडदा फाटला आहे, आणि त्यातून सगळे शब्द आत उतरून नाहीसे होतात. मला कुणी खिळ्यावरून काढले नाही. कुणी घासले नाही. खाऱ्या वाऱ्याने माझ्या अंगावर हिरवट डाग धरले. मी चिठ्ठी झाकत राहिले, कारण तेवढेच काम मला उरले होते.

आज दुपारी दिशा आली. तिचा नवरा मुंबईला नोकरीला असतो. घरी ती, सासू आणि सानवी. पोरीचा कान तीन आठवडे वाहतो आहे.

"काकी, सासू बोलली मथुराकाकीकडे ने. तुमच्या हाताला गुण हाय."

"आता नाय घालत गो बाय मी तेल."

"असं काय करता? माझं माहेर पण याच गावात. लहानपणी माझ्या कानात घालायचात ना? एवढं मोठं पातेलं भरून! बघा, मी बहिरी झाले काय? उलट सासू बारीक आवाजात काय बोलते ते पण ऐकू येतं."

मथुराला हसू आले नाही. सानवी कण्हली. ते कण्हणे ऐकून मथुराचा हात, चोवीस वर्षांच्या सवयीचा हात, आपोआप खिळ्याकडे गेला. तिने मला काढले, पदराने पुसले, गॅस पेटवला. आणि तेवढ्यात मागच्या दारात दर्शनची सावली पडली.

मित्रांनो, इथपर्यंत आपण येऊन पोहोचलो. तेल कोमट झाले आहे.

मला एकच विनवायचे आहे, आणि तेही थकल्या आवाजात. कान वाहू लागला तर त्याला थट्टेचे नाव देऊ नका, आणि सुकला म्हणून त्याला विसरूही नका. माझ्यासारख्या पळीत समईपुरते तेल घ्या. तेवढ्यासाठी मी पुरेशी आहे. आणि भिंतीवर काही टांगाल तर त्याच्यामागे काय झाकले जाते आहे, ते एकदा पाहत जा. वस्तू आपणहून बाजूला सरकू शकत नाहीत.

मथुरा मला आचेवरून काढते. सवयीने मनगटावर एक थेंब सोडते. चटका नाही. ती सानवीपाशी गुडघे टेकून बसते. माझी कड पोरीच्या कानापाशी येते, इतकी जवळ की तो वास मला येतो. तोच. ओला, गोड, आतला.

"मोजू?" सानवी विचारते. "मला वीसपर्यंत येतं."

मथुराचा हात थांबतो. मग ती मला मागे घेते आणि लादीवर ठेवते. माझ्यातले तेल हिंदकळते, सांडत नाही.

"काय झालं काकी?"

मथुरा उठते. खिळ्यावरची चिठ्ठी काढते. कागद इतका तेलकट आहे की दाराचा उजेड त्यातून आरपार जातो.

"हे वाच."

दिशा पुटपुटत वाचू लागते. 'तेल घालू नये' पाशी तिचा आवाज खाली येतो. "ही कुणाची हो?"

"दर्शनची. चौथीतली." मथुरा दाराकडे पाहत नाही. "मी तेव्हाच वाचली होती. दोनदा वाचली होती. आणि तरी घालत राहिले. कळलं? आत्ता ऊठ. रिक्षा कर आणि कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे ने. सासूला सांग, मथुरा बोलली. ती ओरडली तर माझ्याकडे पाठव."

"पण आत्ता लगेच..."

"आत्ता. पोरीच्या तोंडाकडे बघून जा गो. हसते ती सरळ हसते अजून."

दिशा सानवीला खांद्यावर घेते आणि चिठ्ठी परत द्यायला हात पुढे करते. मथुरा ती घेत नाही. "घेऊन जा. वाटेत मन बदललं तर परत वाच." दिशा जाते. अंगणातून सानवीचा आवाज ऐकू येतो. ती आईच्या खांद्यावरून मोजत चालली आहे. अकरा. बारा. तेरा.

मग तोही आवाज दूर जातो. खिळा आता उघडा आहे. त्याच्याखाली भिंतीवर चिठ्ठीएवढी एक पांढरी चौकट दिसते, आणि तिच्या मधोमध माझ्या वाटीचा गोल डाग.

मथुरा दारापाशी जाते. दर्शन चौकटीला टेकून बाहेर माडांकडे पाहतो आहे. ती त्याच्याजवळ थांबते. त्याच्या उजव्या हाताला, ऐकू न येणाऱ्या कानाच्या बाजूला. वर्षानुवर्षे या घरात कुणी त्या बाजूने त्याच्याशी बोललेले नाही.

"बाबू," ती म्हणते. आवाज इतका हळू की लादीवर पडलेल्या मलाही तो जेमतेम ऐकू येतो. "मी तुझं सगळं घालवलं ना रे? मला माफ करशील काय कधी?"

दर्शनला ते ऐकू गेले की नाही, मला कळत नाही. पुढे एक लाट फुटते, तिच्यामागून आणखी एक. मग तो जाळ्याची सुई डाव्या कानामागे खोचतो, पायरी उतरतो, आणि माडांमधून, वाळूकडे, मागे न बघता चालत जातो.